लतीफची बाय

लतीफ कुणाला भेटायला आला की आधी त्या माणसाच्या गाडीला भेटायचा, मग माणसाला. साधी स्कूटर असली तरी तिच्या सीटवर हात ठेवणार, टायर अंगठ्याने दाबून बघणार आणि मग विचारणार, "काय, बरा हाय ना?" हे मालकाला विचारलं की गाडीला, ते नक्की कळायचं नाही.

आमची पहिली भेट अशीच झाली. मी रत्नागिरीत नगरपालिकेच्या अग्निशमन दलात ड्रायव्हर. आमच्याकडे एक जुना, आटोपशीर बंब आहे, त्याला आम्ही सगळे 'म्हातारी' म्हणतो. एका सकाळी मी म्हातारीचं बॉनेट पुसत उभा होतो, तर कडक इस्त्रीचा निळा गणवेश घातलेला एक उंच माणूस फाटकातून आत आला. माझ्यासमोरून सरळ पुढे गेला. गाडीभोवती एक फेरी मारली, पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला आणि तिथूनच मला म्हणाला, "डावीकडं ओढते काय रे ही?"

ओढत होती. पण हे मला ठाऊक होतं आणि म्हातारीला ठाऊक होतं, तिसऱ्या कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. बायकोशी झालेलं भांडण परक्या माणसाने दारातच ओळखावं, तसं मला झालं.

"नाही," मी म्हणालो.

"ओढते, ओढते," तो प्रेमाने म्हणाला आणि हात पुढे केला. "मी लतीफ. जयगडला बंदरावर फोम टेंडर चालवतो."

माझं पोट दुखायला लागलं ते तिथून. फोम टेंडर म्हणजे फेस मारणारी गाडी. डिझेलला, तेलाला लागलेली आग पाण्याने विझत नाही, उलट पाण्यावर तरंगत पसरते. तिच्यावर जाड फेसाचं पांघरूण घालावं लागतं. ती गाडी महाग असते आणि आमच्यासारख्या नगरपालिकेच्या नशिबी सहसा नसते. जयगडच्या खासगी बंदरावर अशी गाडी आली आहे एवढं आम्ही ऐकून होतो. ती चालवणारा माणूस माझ्याच वयाचा, माझ्याच तालुक्यातला, आणि पुन्हा वर असा गोड बोलणारा असेल, अशी कल्पना नव्हती.

आमच्या कामातल्या लोकांना एक खूळ असतं, ते बाहेरच्यांना कळायचं नाही. लाल गाडी दिसली की लोक विचार करतात, कुठे आग लागली? आम्ही बघतो तो तिचा पंप, तिची शिडी, तिच्या दिव्यांची पट्टी. सिव्हिल हॉस्पिटलच्या बाहेर उभे असणारे अँब्युलन्सवालेही त्यातलेच. कुणी सायरनचा भोंगा मुंबईहून बदलून आणतो, कुणी पेशंट उतरवल्यावर आधी टपावरची धूळ झटकतो. मलाही हे खूळ आहे, पण माझं मुकं. लतीफचं बोलकं होतं, आणि बोलक्या माणसाचं प्रेम लोकांना खरं वाटतं. म्हातारीचं इंजिन मी पोटच्या पोरीसारखं जपलं, पण गावात "गाडीवर प्रेम करावं तर त्या जयगडच्या लतीफने" असंच ऐकू यायचं.

तो आधी आखातात एका विमानतळावर होता. तिथे विमानाला आग लागली तर धावणाऱ्या गाड्या असतात, पिवळ्याधमक, घराएवढ्या. त्यातली एक तो चालवायचा. त्याच्या घरी ईदेला गेलो तेव्हा ते वैभव बघितलं. आखातातून आलेल्यांच्या हॉलमध्ये काचेच्या कपाटात डिनर सेट असतो. लतीफच्या कपाटात गाड्या होत्या. तळहाताएवढे बंब, शिड्यांच्या गाड्या, अँब्युलन्स. प्रत्येकीची दारं उघडायची. तो एकेक काढून माझ्या हातावर ठेवायचा आणि मी पकडली की लगेच खालून स्वतःचा पंजा धरायचा, पडली तर झेलायला.

त्याची बायको, आमची रुखसाना भाभी, शिरखुर्म्याच्या वाट्या घेऊन आली. मी म्हणालो, "भाभी, तुमचे डिनर सेट कुठे गेले?"

"माळ्यावर," ती म्हणाली. "मला ताप आला ना भावजी, तर हे गोळी देतात नि ड्युटीवर जातात. त्या गाडीला खोकला झाला तर रजा टाकून बसतील."

"गाडीला बोलता येत नाय ना," लतीफ शांतपणे म्हणाला. "तुला येता."

बंदरावरच्या आपल्या गाडीला तो 'बाय' म्हणायचा. माझी बाय, बाय आज जरा गप हाय, बायला आंघोळ घालून येतो. तिला धुवायचं तर चपला बाहेर काढून आत चढायचा. धुण्याचं फडकं वेगळं, पुसण्याचं वेगळं, काचेचं तिसरं. कुणी सहज टेकून उभं राहिलं तर तो रागवायचा नाही, नुसता जवळ जाऊन म्हणायचा, "गाय असली तरी हात लावायच्या आधी तिला वायच कळू द्यायचा असतो." माणूस ओशाळून बाजूला व्हायचा. मी म्हातारीला टेकलेल्यांना शिव्या घालायचो, ते मात्र हसून अजून रेलायचे.

मला त्या गाडीचं स्टिअरिंग एकदा हातात हवं होतं. फार नाही, बंदराच्या मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर. ड्रायव्हरचं मन आहे, चांगली गाडी दिसली की हाताला खाज सुटते. जयगडला दरवर्षी आगीची रंगीत तालीम होते, आम्हीही म्हातारी घेऊन जातो. पहिल्याच तालमीनंतर मी आडून आडून विषय काढला.

"बस की," लतीफ म्हणाला. मी उजवीकडे वळलो, तसा त्याने माझा दंड धरला. "तडे नाय. डावीकडं बस."

डावीकडे बसून मी अख्खं बंदर बघितलं. गिअर पडताना आवाज नाही, वळताना झोल नाही, आणि लतीफ एका बोटाने स्टिअरिंग फिरवत मला सांगतोय, "घाम इंजिनला फुटायला पायजे, ड्रायव्हरला नाय." मी मान डोलावत होतो आणि मनात म्हणत होतो, तुझ्या त्या इंजिनला एकदा तरी फुटू दे. पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं, पुन्हा डावी बाजू. त्याच्या पुढच्या वर्षी मी विचारलं नाही, त्यानेच डावं दार उघडून धरलं. त्याचा मला जास्त राग आला.

गेल्या वेळच्या अग्निशमन सप्ताहात आमच्या साहेबांनी मैदानावर गाड्यांचं प्रदर्शन ठेवलं. बंदरावरून बायही आली. मी आदल्या दिवशी म्हातारीला धुतली, पाईप जोडायची पितळेची तोंडं चिंचेने घासली, झेंडूची माळ घातली. सकाळी लतीफ आला, त्याने बाय बरोब्बर म्हातारीच्या शेजारी लावली आणि माझा सगळा खेळ संपला. पोरांची रांग बायकडे, मास्तरांचे मोबाईल बायकडे, आमच्या साहेबांनीसुद्धा फोटो काढून घेतला तो बायसमोर उभा राहून. लतीफ एकेका पोराला उचलून पायरीवर उभं करत होता आणि सायरन का वाजवायचा ते सांगत होता. "रस्ता मागायला वाजवायचा. मोठेपणा मिरवायला नाय." माझ्याकडे एक चिमुरडी आली. मी खूश होऊन वाकलो, तर तिने वडिलांना विचारलं, "बाबा, हा पाण्याचा टँकर आपल्या वाडीत का येत नाही?"

तेवढ्यात फोन आला. मासळी जेट्टीवर नौका पेटली होती.

प्रदर्शन जागच्या जागी राहिलं. म्हातारी पुढे, बाय मागे, अशा निघालो. ज्याला हे ठिकाण माहीत आहे त्याला तिथली गल्लीही माहीत असेल. एका बाजूला बर्फाच्या कारखान्याची चिऱ्याची भिंत, दुसऱ्या बाजूला जाळी ठेवायची शेड, तिचे लोखंडी खांब थेट रस्त्यात आलेले. म्हातारी अंगाने बारीक, शिवाय मी त्या गल्लीत डोळे मिटून जाणारा. मी आत शिरलो. आरशात बघितलं तर बाय तोंडाशीच थांबली होती. लतीफ खाली उतरून भिंतीकडे बघत होता, मग खांबाकडे, मग गाडीकडे. मला आनंद झाला. आगीवर निघालेल्या माणसाला होऊ नये एवढा झाला. मोठी आली होती फोटो काढून घ्यायला, राहा आता बाहेर.

जेट्टीवर पोचलो आणि तो आनंद टिकला नाही. नौकेच्या मागच्या भागात इंजिनपाशी आग होती, डिझेल फळ्यांवर सांडून पेटलं होतं. शेजारी दोन्ही बाजूंना नौका बांधलेल्या, एकीला दुसरी खेटून. खलाशी कोयत्याने दोर तोडत होते. पेटलेल्या नौकेचा तांडेल, तिचा मालकच, माझ्या खिडकीला येऊन लटकला. "ओ साहेब, माजी गेली ती गेली. बाजूची भावाची हाय, कालच कर्जातना सुटलाय तो. तेवढी वाचवा."

आम्ही बाजूच्या नौकांवर पाणी मारून त्या थंड ठेवायला लागलो. डिझेलवर पाणी मारायची सोय नव्हती, आणि फेसाचे जे दोन कॅन आमच्याकडे होते ते बघता बघता संपले. आता भिस्त बायवर होती. गल्लीच्या तोंडाशी लतीफची माणसं पाईप उलगडायला लागली होती. एकाला एक जोडत ते जेट्टीपर्यंत आणायचे, मग फेस. जरा वेळ लागतो, पण कामाची रीत तीच. मी माझ्या पोरांना ओरडून सांगितलं, "पाईप येतायत, तोवर धरून ठेवा."

आणि तो आवाज आला. पत्रा चिऱ्यावर घासल्याचा. दातात कळ जावी तसा, आणि थांबेना. वळून बघितलं तर गल्लीतून बाय येत होती. एका बाजूने भिंत तिचा रंग सोलत होती, दुसऱ्या बाजूने खांब तिच्या अंगात रेघ ओढत होते. दोन्ही आरसे तुटून लोंबत होते. एक खांब वाकला, शेडचा पत्रा खाली आला, तो टपावर घेऊनच ती पुढे सरकली. काचेआड लतीफ दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून बसला होता, आणि त्याचा चेहरा मला ओळखू आला नाही. ज्या गाडीला कुणाचं नख लागलेलं त्याला खपत नव्हतं, तिची सालं निघत होती आणि तो एकदाही थांबला नाही.

जेट्टीवर येताच बायच्या टपावरच्या तोफेतून फेस सुटला. पांढरा, जाड, ताकावरच्या ताज्या लोण्यासारखा. आगीने दोनदा डोकं वर काढलं, मग गप झाली. वारा तेव्हाच खाडीकडून फिरून भावाच्या नौकेवर आला होता. पाईप जोडत बसलो असतो तर भावाची नौका गेली असती, असं नंतर सगळे म्हणाले. तांडेल लतीफच्या पायाशी बसला. लतीफ त्याला उठवत नव्हता. तो गाडीकडे पाठ करून मासळीच्या एका पालथ्या क्रेटवर जाऊन बसला.

मी जवळ गेलो. "लतीफ, गाडी बाहेर काढायला लागेल."

"तू काढ," तो म्हणाला. मान वर केली नाही. "माज्याच्यान नाय व्हायचा."

इतकी वर्षं ज्यासाठी झुरलो ते असं मिळालं. मी उजव्या दाराने चढलो आणि त्या सीटवर बसलो. म्हातारीला मागे घ्यायचं तर खांदे भरून येतात, ही नुसत्या बोटांवर वळली. आरसे नव्हते, आमचा एक पोरगा पाठीमागून हात करत होता. इंच इंच करत मी तिला त्या गल्लीतून उलटी बाहेर आणली. खांब आधीच वाकला होता, तेवढी जागा झाली होती, हे कबूल. तरी एक नवा ओरखडा पडू दिला नाही. मला वाटलं होतं, एकदा बसलो की पोटदुखी जाईल. उलट वाढली. आता गाडी नुसती बघितली नव्हती, हाताला कळली होती.

मागून चालत आलेल्या लतीफने तिच्या दोन्ही अंगांवरून तळहात फिरवला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू एक ओरखडा नाय लावलास तिला." ही शाबासकी नव्हती.

त्यानंतर लतीफचं कौतुक सुरू झालं ते महिनाभर. शाल, श्रीफळ, पेपरात फोटो, मच्छीमारांच्या सोसायटीत सत्कार. गाडीवर एवढं प्रेम करणारा माणूस, पण वेळ आली तेव्हा मागेपुढे बघितलं नाही, असं प्रत्येक भाषणात आलं. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. गाडी चांगली होती, आखात होतं, गोड जीभ होती, ते सगळं एक वेळ पचवलं होतं. आता धैर्यही त्याचंच. आपल्याला ठेवलं काय मग? घरी बायकोला म्हणालो, "मी असतो तर घातली असती का गं म्हातारी अशी भिंतीत?" ती म्हणाली, "आधी जेवा."

मग एका रविवारी लतीफने मला भाट्याच्या किनाऱ्यावर बोलावलं. सुरूच्या बनात बसलो, त्याने शेंगदाण्याची पुडी उघडून मध्ये ठेवली. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. शेवटी मीच म्हणालो, "एक विचारू? पाईप जोडून झालं असतं. तुझी माणसं जोडत होतीच. वारा फिरणार हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?"

"नव्हता ठाऊक," लतीफ म्हणाला. "मलापन नव्हता."

"मग घातलीस कशाला?"

तो शेंगदाणे सोलत राहिला. सोललेले पुडीतच टाकत होता, खात नव्हता. "तुजी म्हातारी आत गेली ना, माज्या डोळ्यांदेखत. डुलत डुलत, पाठचा दिवा चमकवत. आग तडे, म्हातारी तडे, आनि मी हतकी मोठी गाडी घेऊन बाहेर पाईप मोजत उभा. नाय बघवला मला, साळवी." त्याने माझ्याकडे पाहिलं. "लोक बोलतात धैर्य. माज्या पोटात नुसता दुखत होता."

मी इतका हसलो की पलीकडे बसलेलं कुटुंब आमच्याकडे बघायला लागलं. लतीफ आधी चिडला, मग तोही हसला. घरी येताना मी मोटारसायकलवर गाणं म्हणत होतो. माझ्या म्हातारीचा कुणाला हेवा वाटला होता, आणि तोही लतीफला. मला वाटलं, झाली फिटंफाट.

पण त्या शौर्याने लतीफचं काय केलं ते पुढे कळलं. कंपनीने बायला नवा रंग दिला, नवे आरसे लावले आणि लतीफला बढती दिली. असा माणूस स्टिअरिंगमागे वाया घालवू नये, असं म्हणे वरच्या साहेबांचं मत पडलं. आता तो ट्रेनिंग ऑफिसर. एसी खोली, प्रोजेक्टर, पांढरं हेल्मेट. बायवर दुसरा ड्रायव्हर आला, चिपळूणकडचा, हात बरा आहे त्याचा. लतीफने एकदा त्याला समजवायला पाहिलं, तर तो नम्रपणे म्हणाला, "सर, तुम्ही कशाला उन्हात उभे राहता?" रुखसाना भाभी फोनवर म्हणाली, "भावजी, हल्ली घरी वेळेवर येतात. मला नाय आवडत."

परवा पुन्हा जयगडला रंगीत तालीम होती. मी म्हातारी घेऊन गेलो. बाय तिथे होती, आधीपेक्षा जास्त चकाकत होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला काहीसुद्धा वाटलं नाही. चांगली गाडी, एवढंच. जे इतकी वर्षं दुखत होतं ते दुखेना, आणि त्याचीच चुटपुट लागली. मग लक्षात आलं की हेवा कधी गाडीचा नव्हताच. त्या माणसाला तिच्यात बसून जे सुख व्हायचं, त्याचा होता, आणि ते आता त्या सीटवर नव्हतं.

लतीफ मांडवात फाईल धरून उभा होता. तालीम संपली, पाहुणे चहाला गेले. मी निघायच्या तयारीने म्हातारी चालू केली, तसा तो उन्हातून चालत आला आणि माझ्या खिडकीखाली उभा राहिला. पांढरं हेल्मेट काखेत. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या स्टिअरिंगवरच्या हातांकडे बघत होता. ती नजर मला ओळखायला वेळ लागला नाही. इतकी वर्षं मी ती स्वतःच वागवत होतो.

"साळवी," तो म्हणाला, "वायच फाटकापर्यंत मी नेऊ काय?"

माझा हात कडीवर गेला आणि तिथेच राहिला. मी तसाच बसून राहिलो. खोटं कशाला सांगू, त्याने अजून थोडा वेळ असंच बघत राहावं असं मला वाटलं. माझ्याकडे असं आयुष्यात कुणी पाहिलं नव्हतं, आणि पाहणारा लतीफ होता.

मग मी दार उघडलं.